माळ्यावरची बंद ट्रंक, आणि आपल्याकडे पेटीला असलेला अर्थ

खाडीकाठ

गेल्या आठवड्यात गावच्या घराची कौलं उतरवली. देवगड तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला आमचं घर आहे. वाशांना वाळवी लागली होती, त्यामुळे पावसाआधी माळा रिकामा करणं भागच होतं. कणगीच्या मागे, मोडक्या पाळण्याखाली आजोबांची ट्रंक निघाली. पत्र्याची, हिरव्या रंगाची. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव, वाडी, गाव आणि 'जिल्हा रत्नागिरी'. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, म्हणजे अक्षरं त्याच्या आधीची. कडीला जाड लोखंडी कुलूप. चावी कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

आजोबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १९८२ चा संप लांबला तसे गावाला आले. मला आठवतात ते आगरात माडांना आळी करणारे आजोबा. ट्रंक त्यांनी माझ्यासमोर कधी उघडली नाही. आधी आजी गेली, मग आजोबा, आणि ट्रंक माळ्यावर चढली ती चढलीच.

आता घरात दोन मतं आहेत. धाकटे काका म्हणतात, कटर आणा, दोन मिनिटांचं काम. बाबा काहीच बोलले नाहीत. ट्रंक पडवीत आणून ठेवली तर तिच्यावरच बसले आणि चहा तिथे मागवला. आई म्हणाली, "दाखवायचं असतं तर त्यांनीच दाखवलं असतं." चार दिवस झाले, कुलूप तसंच आहे.

याच आठवड्यात आम्ही आजोबांचं कपाट उघडलं, कोनाडे रिकामे केले, फडताळातली बरणी न बरणी पुसून घेतली. तेव्हा कुणाचा हात अडला नाही. पेटीपाशीच का अडला?

बाबांकडून ऐकलेलं एक सांगतो. मुंबईत गावच्या मंडळाच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं राहायची. रात्रपाळीचा उठला की त्याच जागी दिवसपाळीचा आडवा व्हायचा. भिंतीवर एक खुंटी आणि भिंतीलगत एक ट्रंक, एवढीच एका माणसाची स्वतःची जागा. दिवा, मोरी, झोपायची फरशी, सगळं सामाईक. म्हणजे आजोबांचं मुंबईतलं घर ही ट्रंकच होती आणि कुलूप म्हणजे त्या घराचं दार. ते गेल्यावर ते दार तोडायचं का, इथे मी अडकलो आहे.

तुमच्याकडे पेट्या, डबे, करंडे, पेटारे यांना काय अर्थ आहे? घरातले सांगा, गोष्टींतले सांगा. वाचायचं आहे.

सड्यावरचा

आधी कामाचं. कटर लावू नका, आतल्या वस्तूंवर ठिणग्या उडतात. चावी सापडली तर कुलपाच्या भोकात दोन-तीन थेंब रॉकेल सोडा आणि दोन दिवस थांबा. चावी नसेल तर कुलपाला हातच लावू नका. ट्रंक उलटी फिरवून मागच्या बिजागऱ्या बघा. जुन्या ट्रंकांना तिथे रिव्हेट असतात. लोहार छिन्नीने त्या उडवतो आणि झाकण मागून उघडतं. कुलूप जसं त्यांनी लावलं तसंच राहतं.

आता अर्थाबद्दल. मी राजापूरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर राहतो, पेट्यांशी माझा संबंध रोजचा आहे. माझं म्हणणं असं की कोकणात पेटी चोरासाठी नसते. जून लागला की भिंतींना ओल येते, कपड्यांवर बुरशी धरते, लाकडात वाळवी शिरते, पुस्तकांना कसर लागते. चार महिने घरातली प्रत्येक वस्तू हवेशी झगडत असते. म्हणून पत्र्याची ट्रंक, म्हणून डांबराच्या गोळ्या, वेखंड, कडुनिंबाचा वाळलेला पाला. आमच्याकडे मे महिन्यात सगळ्या पेट्या खळ्यात उघड्या ठेवतात, उन्हं खाऊ देतात, आणि मृग लागायच्या आत पुन्हा भरून बंद करतात. माझ्या आईसाठी पेटी बंद करणं म्हणजे एका वर्षाला दुसऱ्या वर्षापर्यंत पोचवणं. गुपित वगैरे त्यात काही नाही.

तेव्हा तुमच्या आजोबांनी कुलूप तुमच्यापासून लावलं असेल असं धरून चालू नका.

कलमाची बाग

आमच्याकडे 'पेटी' म्हटलं की आंब्याचीच. बाकी सगळ्याला डबा, ट्रंक, खोका.

मी लहान असताना लाकडी पेट्या होत्या. फळ्या सुट्या यायच्या आणि अंगणात ठोकायच्या. मार्चपासून घरात हातोडीचा आवाज. तळाला पेंढा, वर फळांचा थर, पुन्हा पेंढा. एका पेटीत चारपासून आठ डझनांपर्यंत फळ बसतं. फळ जितकं मोठं, तितके डझन कमी. भरून झाली की वर फळी ठोकायची आणि पत्र्याच्या कापलेल्या अक्षरांवरून शाईचा बोळा फिरवायचा. बागायतदाराचं नाव, गाव, डझन. हे नाव उमटवायचं काम आमचे बाबा दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

वाशी बाजारात मोसमातली पहिली पेटी पोचली की तिची पूजा होते, हार घातला जातो, वर्तमानपत्रात फोटो येतो. लोकांना तो हौसेचा प्रकार वाटतो. पण मोहोर आल्यापासून थंडी, तुडतुडा आणि थ्रिप्ससारखी कीड, अवकाळी पाऊस या सगळ्यातून जे फळ वाचलं ते त्या पेटीत असतं. पेटी गाडीत चढली की बागायतदाराच्या हातात काही उरत नाही. मग वाट बघायची ती पट्टीची, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या हिशोबाच्या कागदाची. चांगलं फळ पाठवून पडलेल्या भावाची पट्टी आलेली मी बाबांच्या हातात पाहिली आहे. त्या दिवशी त्यांनी जेवण टाळलं होतं.

म्हणून पेटीवरचं नाव हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा अर्थ आहे. घेणारा आत बघू शकत नाही, वरची फळी ठोकलेली असते. तो नावावर विश्वास ठेवतो. दुसऱ्या प्रांतातला आंबा भरून वर 'देवगड' छापतात तेव्हा आम्हाला राग येतो तो यासाठी. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर, इथल्याच फळाला ते नाव लावता येतं. कायद्याच्या भाषेत ते मानांकन आहे. बाबांच्या भाषेत, पेटीवर लिहिलेलं पेटीत असावं.

खाडीकाठ, तुमच्या आजोबांनीही नाव, वाडी, गाव, जिल्हा सगळं लिहिलं होतं. गर्दीत पेटी हरवली तर ती कुठे पोचवायची ते त्यावर होतं. मला ते वाचून आत काहीतरी हललं.

खाडीकाठ

सड्यावरचा, बिजागरीचं बाबांना सांगितलं. पहिल्यांदाच ते उठून ट्रंकेची मागची बाजू बघायला गेले.

कलमाची बाग, खरं आहे. आजी सांगायची की बोटीच्या दिवसांत बोट बंदराबाहेर उभी राहायची आणि पडावातून माणसं-सामान किनाऱ्याला यायचं. सगळ्या ट्रंका हिरव्या नाहीतर काळ्या. वाळूवर रांगेने उतरवलेल्या. माणूस आधी आपली ट्रंक शोधायचा, मग घरचे कोण आलंय ते बघायचा.

वळेसर

ट्रंक पुरुषांची. बायकांची फणेरपेटी. तिच्याबद्दल मला लिहायचंच आहे.

माझ्या पणजीची फणेरपेटी अजून माझ्याकडे आहे. उतरतं झाकण, आतल्या बाजूने आरसा, खाली लहान-लहान खण. एक कुंकवाचा, एक मेणाचा, एक काजळाच्या डबीचा, लांबट खण फणीचा. कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू टेकायचं, म्हणजे ते दिवसभर राहतं. लग्नात सासरी आली तेव्हा घरातली ही एकच वस्तू तिची होती. भांडी घराची, दागिने घराचे, कणगीतलं भात घराचं. फणेरपेटी तिची.

पणजोबा गेले तेव्हा ती तिशीच्या आतली. त्या दिवसापासून आरसा, कुंकू, मेण सगळं बंद. घरातल्या कुणीतरी आरसा काढून घेतला. त्या जागी लाकडाला फिकट चौकोन अजून दिसतो. ती पेटी फेकून द्यायची, नाहीतर नव्या सुनेला द्यायची रीत होती. पणजीने दिली नाही. तिने त्या खणांत बियाणं ठेवायला सुरुवात केली. पडवळ, दोडका, काकडी, भोपळा, लाल माठ. बी राखेत घोळवून, फडक्यात बांधून, एकेका खणात. कुंकवाच्या खणात माठाचं बी, कारण ते सगळ्यात बारीक. पुढे पन्नासेक वर्षं आमच्या वाडीत पावसाळी भाजीचं बी लागलं की बायका आमच्या घरी यायच्या.

माझी आजी सांगायची की पेटी उघडताना पणजी पूर्वीसारखीच पाटावर बसायची. पूर्वेकडे तोंड करून.

करंडा, कुंकवाची डबी, हळदी-कुंकू हे सगळं आपल्याकडे सौभाग्याचं चिन्ह म्हणून सांगतात. मला त्या चिन्हाचा दुसरा भाग दिसतो. ज्या बाईला ते उघडायची मनाई झाली तिने काय केलं, ते कुणी सांगत नाही. माझ्या पणजीने ते खण रिकामे राहू दिले नाहीत. आमचं परसू आजही त्या बियांच्या वंशाचं आहे. यापेक्षा मोठी मिळकत आमच्या घरात दुसरी नाही असं मी मानते.

शाळामास्तर

वळेसरताई, तुमच्या मेणावरून आठवलं. महाभारतात कुंतीने कर्णाला ज्या पेटीत ठेवलं तिचं वर्णन वनपर्वात आहे. पाणी आत शिरू नये म्हणून ती मेणाने लिंपलेली होती. आत मऊ अंथरूण होतं. ती अश्वनदीत सोडली, तिथून चर्मण्वती, मग यमुना, मग गंगा, आणि शेवटी सूतांच्या चंपानगरीपाशी राधेच्या हाती लागली. चार नद्यांचा प्रवास. आपण ही गोष्ट कायम टाकून दिलेल्या मुलाची म्हणून सांगतो. मी वर्गात मुलांना मेणापाशी थांबवत असे. ज्याला टाकायचं असतं त्याच्या पेटीच्या फटी कुणी मेणाने बुजवत नाही.

गोष्टींतल्या पेट्या मला दोन जातींच्या दिसतात. एक वाहती, दुसरी मनाई असलेली.

मनाईच्या पेटीत पहिलं नाव पँडोराचं येतं. पण मूळ ग्रीक गोष्टीत ती पेटी नव्हतीच. हेसिअडने लिहिलंय ते मोठं मातीचं भांडं, धान्य-तेल साठवायचं, आपल्या रांजणासारखं. सोळाव्या शतकात इरॅस्मसने लॅटिनमध्ये सांगताना त्याची डबी केली आणि जग तेव्हापासून पेटी म्हणतंय. मला हा फरक लहान वाटत नाही. रांजण घरातला सगळ्यांचा असतो, येता-जाता कुणीही झाकण उचलतं. पेटी एकाची असते. रांजणाची पेटी झाली तशी ती गोष्ट घरावर आलेल्या संकटाची न राहता एका बाईच्या कुतूहलाची होऊन बसली. आणि तळाशी आशा राहिली होती हे सांगायचं बहुतेक जण विसरतात.

आपल्या आजीच्या गोष्टीत राक्षसाचा जीव असाच लपवलेला असतो. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडाखाली पेटी, पेटीत डबी, डबीत भुंगा. राक्षसाला मारायचं तर भुंगा पकडायचा. माझ्या लहानपणी मला राक्षसापेक्षा भुंग्याचीच काळजी वाटायची.

आणि एक जपानी गोष्ट, जी मला किनाऱ्यावरच्या माणसाने वाचावी अशी वाटते. उराशिमा तारो नावाचा कोळी एका कासवाला मुलांच्या त्रासातून सोडवतो. कासव त्याला समुद्राखालच्या राजवाड्यात नेतं. तो तिथे थोडे दिवस राहतो, घरच्या ओढीने परत निघतो. राजकन्या त्याला एक पेटी देते आणि सांगते, उघडू नकोस. किनाऱ्यावर येतो तर गावात ओळखीचं कुणी उरलेलं नाही, शेकडो वर्षं गेलेली. दुःखाने तो पेटी उघडतो, धूर निघतो आणि तो क्षणात म्हातारा होतो. त्याचं वयच त्या पेटीत ठेवलेलं होतं.

मी ही गोष्ट वेळासला कासवं बघायला गेलो असताना मुलांना सांगितली होती. तिथे अंडी कुंपणातल्या खड्ड्यांत हलवतात, वर टोपली पालथी घालतात, आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पिल्लं निघाली का ते बघतात. टोपली उचलायची वेळ झाली की शे-दीडशे माणसं श्वास धरून उभी असतात. बऱ्याचदा खाली नुसती वाळू असते. ती टोपली पुन्हा तशीच ठेवतात आणि संध्याकाळी परत येतात.

सड्यावरचा

मास्तर, मेणाचं पटलं. पण कुंतीने नंतर सगळा जन्म गप्प राहून काढला, हेही त्याच पेटीत होतं. मेण लावलं म्हणून टाकणं टाकणं राहत नाही असं मी म्हणणार नाही.

शाळामास्तर

नाही, तसं मीही म्हणत नाही. दोन्ही खरं आहे. तिने टाकलं, आणि बुडू नये म्हणून जे हाती होतं ते केलं. मुलांना मी हे दोन्ही एकत्र धरायला सांगत असे.

डबलबारी

पेटी म्हणजे आमच्याकडे बाजाची पेटी. हे कुणीच कसं लिहिलं नाही?

मी कणकवलीकडचा, भजनी मंडळात गेली बावीस वर्षं पेटीवर आहे. हार्मोनियम हा शब्द आमच्या वाडीत कुणी वापरत नाही. "पेटी घेऊन ये." बाहेरून पाहिलं तर लाकडी खोकंच. भाता हलला की त्या खोक्याला श्वास येतो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत राहिली, कारण तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, सापडत नाहीत. शास्त्र म्हणून ते बरोबर असेल. पण त्या सगळ्या वर्षांत वाडीवाडीतली भजनं पेटीवरच उभी राहिली. पावसात स्वर चिकटतात, मग रात्रभर दिव्याच्या बल्बशेजारी ठेवावी लागते. गणपतीत एका घरातून दुसऱ्या घरी जाताना व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडायचा असेल तर माणूस भिजला तरी चालतो, पेटी डोक्यावर आणि तिच्यावर इरलं.

दशावताराचा पेटारा यापेक्षा मोठा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की कंपनी निघायची. पूर्वी सगळं पायी, पेटारा डोक्यावर. मुकुट, भरजरी कपडे, लाकडी तलवारी, आणि गणपतीचा मुखवटा. देवळात पोचल्यावर पेटाऱ्याची पूजा होते, मग रंगायला सुरुवात. संहिता नसते, कागदावर एक ओळ नाही. कुणी कुठलं पात्र करायचं ते ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या रचले जातात. म्हणजे त्या नाटकाचं जे सामान उचलून नेता येतं तेवढं पेटाऱ्यात आणि बाकी सगळं माणसांच्या तोंडात. पहाटे दहीकाला झाला की कालचा राजा अंगातले कपडे स्वतः घडी घालून आत ठेवतो. माझे मामा दशावतारात स्त्रीपार्टी करत. लहानपणी मी त्यांना लुगड्याची घडी घालताना बघत बसायचो. ते त्या वेळी बोलत नसत.

आता टेम्पो आहेत, लाईट आहेत, पेटारे मोठे झाले. पूजा चुकत नाही.

चितारआळी

सावंतवाडीतून एवढंच. आमच्याकडे लाखकामाच्या लाकडी पेट्या होतात, गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पानांचा जुना खेळ, तोही होतो. दशावतारी गंजिफाची १२० गोल पानं आणि त्यांची रंगवलेली पेटी. घेणारे लोक पानं बघतात. माझी आजी पेटी बघायची. ती म्हणायची, पानं खेळून झिजतात, पण पेटी घरात दिसत राहते.

आणि एक रीत. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करू नये. काही नसेल तर चिमूटभर साखर. रिकामी पेटी विकतानाही आम्ही आत चार तांदळाचे दाणे टाकतो. हे कुणी शिकवलं आठवत नाही.

मांडवी बंदर

रत्नागिरीत राहून मी एका पेटीबद्दल गप्प बसू शकत नाही. ती आनंदाची नाही.

ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. तीस वर्षं तो रत्नागिरीत राहिला. थिबा पॅलेस १९१० मध्ये बांधून झाला. बरोबर आणलेले हिरे-माणकं सावकारांकडे गहाण पडत, विकली जात संपत गेली. १९१२ मध्ये धाकटी राणी गेली. डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला. दोघांच्या शवपेट्या लगेच दफन झाल्या नाहीत. थोरली राणी सुपयालत हिला त्या मायदेशी न्यायच्या होत्या. ती सरकारकडे अर्ज करत राहिली आणि पेट्या थांबून राहिल्या. शेवटी १९१९ मध्ये सरकारने दोघांचं दफन इथेच, रत्नागिरीत केलं. राणी त्याच वर्षी परत गेली, राजाला इथे ठेवून.

ती समाधी माझ्या शाळेच्या वाटेवर होती. लहानपणी तिथे आम्ही चिंचा पाडायचो. कुणी आत आहे हे माहीत होतं, कोण ते माहीत नव्हतं. आता तिथून जाताना मला त्या वर्षांचंच वाटतं, जेव्हा पेटी बंद झाली होती, जायची तयारी झाली होती आणि परवानगी येत नव्हती.

खाडीकाठ, तुमच्या आजोबांची पेटी निदान आपल्या माळ्यावर पोचली होती.

अष्टागरातला

अलिबागच्या इस्रायल आळीजवळ आमचं घर. आमचे शेजारी बेने इस्रायल, गावात शनवार तेली म्हणत, कारण घाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद. बोलायचे आमच्यासारखीच मराठी. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीला एक बोटभर लांबीची डबी तिरकी ठोकलेली असायची, मेझुझा. आत चर्मपत्रावर त्यांच्या धर्मग्रंथातली वचनं लिहिलेली. आत-बाहेर करताना तिला बोटं लावायची आणि ओठांना टेकवायची.

लहान असताना मी शेजारच्या आजींना विचारलं होतं, यात काय आहे, उघडून दाखवा ना. त्या म्हणाल्या, "उघडायला नाही रे बाळा, हात लावायला आहे." मला तेव्हा ते उत्तर अपुरं वाटलं होतं.

पुढे ते कुटुंब इस्रायलला गेलं, जसे बहुतेक जण गेले. घर विकलं. मेझुझा बरोबर नेली. चौकटीवर तिरक्या रेषेत खिळ्यांची दोन भोकं राहिली होती. नवीन मालकांनी दोनदा रंग दिला तरी बोट फिरवलं की लागतात. माझा हात अजून जातो तिथे.

धाकटी पाती

सगळं सुंदर आहे, पण पेटीची एक बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. कागदांची पेटी.

आमच्या घरात जमिनीचे कागद एका शिसवी पेटीत होते. मोडीतले जुने कागद, खोतीच्या, म्हणजे खोत गावचा सारा वसूल करायचा त्या काळातल्या पावत्या, नंतरचे सातबारे. पेटी थोरल्या पातीकडे, म्हणजे थोरल्या भावाच्या शाखेकडे. माझे आजोबा धाकटे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, पेटीची खोती गेली नाही. कुठलाही प्रश्न आला की "कागद पेटीत आहेत" एवढंच उत्तर. कधी दाखवले नाहीत. आजोबा गेले, बाबा म्हातारे झाले, वाटणी झाली ती त्या पेटीकडे बघूनच झाली. नंतर पेटी उघडली तेव्हा अर्धे कागद कसरीने खाल्लेले होते आणि उरलेल्यात आमच्याविरुद्ध जाणारं काहीच नव्हतं. साठ वर्षं आम्ही ज्याला घाबरलो ते तिथे नव्हतंच.

म्हणून मी खाडीकाठना सांगेन, उघडा. आणि एकट्याने उघडू नका. सगळ्यांना बसवा, काकांना, आत्यांना, सुनांना, मुलांना. बंद पेटी ज्याच्या ताब्यात असते तो नकळत इतरांवर राज्य करायला लागतो. तुमच्या घरात तसं कुणी नसेलही, पण पुढच्या पिढीचं कुणी सांगावं?

वळेसर

धाकटी पातीशी सहमत. फक्त बाबांना 'आता' म्हणू दे. बाकीच्यांनी थांबावं.

खाडीकाठ

काल उघडली.

बाबाच म्हणाले. दुपारी जेवून उठले आणि "लोहाराक बोलव" एवढंच. काका आले, दोन्ही आत्या आल्या, चुलतभाऊ मुंबईहून फोनवर होता. लोहाराने मागच्या चार रिव्हेट उडवल्या. कुलूप शाबूत आहे. सड्यावरचा, तुमचे फार आभार, ते कुलूप न तुटल्यामुळे बाबांना किती बरं वाटलं ते मला सांगता येणार नाही.

आत फार काही नव्हतं. डांबरगोळ्यांचा वास अजून होता. एक घोंगडी, दोन सदरे, पितळेचा डबा, गिरणीचा बिल्ला, खाणावळीच्या हिशोबाची वही, फडक्यात बांधलेली चावी. हो, ट्रंकेचीच चावी, दुसरी. काकांना वाटलं होतं पैसे असतील. त्यांनी घोंगडी झटकून बघितली आणि मग ती परत नीट घडी करून ठेवली.

झाकणाच्या आतल्या बाजूला गणपतीचं कॅलेंडरवरचं चित्र चिकटवलेलं आहे. आमचं लक्ष आधी तिकडे गेलंच नाही, धाकट्या आत्येने बघितलं. चित्राच्या खाली, हिरव्या रंगावर, पेन्सिलीने बारीक अक्षरांत ओळी आहेत. बोलताना कायम 'इलंय' म्हणणारे आजोबा लिहिताना शाळेतलं लिहीत. पहिली ओळ १९५३ ची. 'गणपती. आलो.' आणि पुढे तारीख. त्याच ओळीत 'गेलो', तारीख. पुढच्या वर्षी तसंच. कधी शिमगा, कधी मे महिना, कधी वर्षातून दोनदा. १९६१ ला ओळच नाही. आत्या म्हणाली, त्या वर्षी रजा मिळाली नव्हती आणि तिचा जन्म त्याच वर्षीचा. ती सव्वा वर्षाची असताना त्यांनी तिला पहिल्यांदा बघितलं. आजीने सांगितलेलं तिला ठाऊक होतं. तारखेसकट समोर काल बघितलं.

सगळ्या ओळी अशाच, दोन-दोन शब्दांच्या. शेवटची १९८२ ची. 'आलो', तारीख. पुढे जागा मोकळी आहे.

बाबा त्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, झाकण नीट उचलून ठेवा, पावसाचं लागेल.

पेन्सिलीची अक्षरं फिकी झाली आहेत, पत्र्याला खालून गंज येतोय. आज आई फडकं घेऊन पुसायला निघाली होती, मी थांबवलं. काय करावं?

सड्यावरचा

पुसू नका. ओल्या फडक्याने तर अजिबात नाही, पेन्सिल आणि रंग दोन्ही येतील. तेलही लावू नका. आधी उजेडात, बाजूने प्रकाश टाकून फोटो काढा, एकेका ओळीचा वेगळा. मग मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडा. गंज फक्त बाहेरून घासा आणि बाहेरूनच रंग द्या, आतून काही नको. झाकणाला नवीन बिजागऱ्या बसवताना लोहाराला सांगा, भोकं जुनीच वापर.

पावसाआधी एक दिवस खळ्यात सावलीला उघडी ठेवा. थेट उन्हात नको.

कलमाची बाग

आणि वरचं नाव-गाव रंगवायचं असेल तर रंगारी बोलावू नका. बाबांना रंगवू द्या.